लॉतकाठची वहिवाट

ग्रॅव्हल बाईक म्हणजे काय हे समजावून सांगायचं म्हणजे जरा पंचाईतच होते. दिसायला रेसिंगची सायकल, तेच खाली वळलेलं हँडल, पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद आणि गिअर चढाला सोपे. "म्हणजे माउंटन बाईक का?" नाही. "मग रोड बाईक?" तेही नाही. शेवटी ऑफिसमधल्या एकाने स्वतःच व्याख्या करून टाकली: डांबर संपलं तरी जिचा मालक मागे फिरत नाही ती सायकल. याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

तर डांबर संपल्यावर पुढे काय असतं, हा आजचा विषय.

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की लोकांना आल्प्स, पिरेनीज आणि जुलैमधली टूर द फ्रान्स आठवते. मी राहतो तुलूझला (विमानांच्या सॉफ्टवेअरवर पोट भरणारी बरीच मराठी मंडळी या गावात आहेत, त्यातलाच एक). हवा स्वच्छ असली की इथून दक्षिणेला पिरेनीज दिसतात. पण माझे बहुतेक मोकळे शनिवार-रविवार जातात उत्तरेला, लॉत नदीच्या खोऱ्यात. सायकल गाडीत चढवायची, सव्वा-दीड तासात काओर येतं. तिथून दोन दिवस लॉत आणि तिची उपनदी सेले यांच्या काठाने, मधूनमधून पठारावर चढत-उतरत फिजाकपर्यंत जायचं. फिजाकहून दुसऱ्या लाइनने तुलूझला परत. एकाच रस्त्याने माघारी यावं लागत नाही, हा या रूटचा मोठा फायदा.

लॉत ही लोझेरच्या डोंगरात उगम पावून पश्चिमेला वाहणारी ४८५ किलोमीटरची नदी. शेवटी गारोनला मिळते. मधल्या टप्प्यात ती चुनखडीचं पठार कापत जाते आणि इतकी वळणं घेते की एका गावाहून पुढच्या गावाला जाताना नदी कधी उजवीकडे असते कधी डावीकडे. खाली नदी, मग पांढरट-पिवळे उभे कडे, आणि वर पठार. या पठाराला इकडे 'कॉस' म्हणतात. कोकणातल्या सड्यावर जे फिरलेत त्यांना कॉस लगेच ओळखीचा वाटेल. दगड वेगळा, झाडं वेगळी, पण पावसाचं पाणी डोळ्यांदेखत गायब होण्याची तऱ्हा तीच.

रूट आखणं ही आमच्यासारख्यांची निम्मी मजा. गुरुवारी रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा, २००४ पासून चाललाय. त्यात शेताकडच्या कच्च्या रस्त्याला 'ट्रॅक' असा टॅग असतो आणि ट्रॅकला एक ते पाच अशी ग्रेड. एक म्हणजे जवळजवळ पक्का, पाच म्हणजे गवतात उमटलेली चाकोरी. माझा हिशोब असा: दोन-तीनवर सायकल पळते, चारवर मजा येते, पाचवर सायकल खांद्यावर येते. पण टॅग कुणीतरी कधीतरी लावलेला असतो. कोड आणि डॉक्युमेंटेशन यांचं जे नातं असतं तेच जमीन आणि नकाशा यांचं. (म्हणजे काय ते समजणारे समजले.)

म्हणून मी दुसरा थर उघडतो. आयजीएन ही फ्रान्सची नकाशे करणारी सरकारी संस्था, आपल्या सर्व्हे ऑफ इंडियासारखी. तिचा बराचसा डेटा १ जानेवारी २०२१ पासून सगळ्यांना फुकट खुला आहे. त्यांच्याकडे १९५० च्या दशकातली, विमानातून घेतलेली काळी-पांढरी छायाचित्रं आहेत. आजचं छायाचित्र आणि तेव्हाचं शेजारी शेजारी ठेवायचं. आज जिथे ओकचं सलग रान दिसतं तिथे तेव्हा उघडे उतार होते, लहान लहान तुकडे, त्यांभोवती दगडी गडगे, आणि त्या सगळ्यातून पांढऱ्या दोऱ्यासारख्या वाटा. आजच्या रानाखाली त्या वाटा तशाच आहेत. झाडांमुळे उपग्रहाला दिसत नाहीत, एवढंच. सत्तर वर्षांपूर्वीच्या विमानाला दिसलेली वाट शनिवारी पुढच्या चाकाखाली येते, तेव्हा जे वाटतं त्याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

असो. निघू या.

काओरला स्टेशनातून बाहेर पडल्यावर आधी उलट दिशेला, पश्चिमेला, पाच मिनिटं सायकल मारून व्हालाँत्रे पूल पाहायचा आणि मग मागे वळायचं. पाया घातला १३०८ साली, बांधून पूर्ण व्हायला १३७८ उजाडलं. सत्तर वर्षं! प्रोजेक्ट इतका लांबला की गोष्ट रचली गेली: मिस्त्रीने सैतानाशी करार केला, तू माझी सगळी कामं ऐक, पूल झाला की माझा आत्मा तुझा. शेवटचं काम म्हणून त्याने सैतानाच्या हातात चाळणी दिली आणि मजुरांसाठी पाणी आणायला सांगितलं. चिडलेला सैतान म्हणे रोज रात्री येऊन मधल्या बुरुजाचा एक दगड काढून न्यायचा. १८७९ मध्ये डागडुजी करणाऱ्या पोल गू या वास्तुविशारदाने त्या जागी दगडाला बिलगलेला छोटा सैतान कोरून बसवला. करारात 'काम पूर्ण' म्हणजे काय हे नीट लिहून घ्यावं, असा धडा आमच्या टीमने यातून घ्यायला हरकत नाही.

काओर ते बूझिएस हा पहिला टप्पा सोपा. नदीकाठचे छोटे रस्ते, अक्रोडाच्या बागा, अधूनमधून खडी. खरी जागा बूझिएसला येते. तिथे कडा थेट पाण्यात उतरतो, काठ म्हणून काही उरतच नाही. आणि तरी वाट आहे, कारण ती कड्यातच कोरून काढली आहे. डोक्यावर खडक, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नदी. एका बाजूने उघडा बोगदा म्हणा. लॉतवर पूर्वी 'गाबार' नावाच्या सपाट होड्या चालत, काओरची वाइन, वरच्या अंगाचा दगडी कोळसा खाली नेत. प्रवाहाबरोबर जाणं फुकटचं, पण परतताना होडी दोरखंडाने ओढून आणायला लागायची. माणसं ओढायची, बैल-घोडे ओढायचे. ओढणाऱ्याला चालायला काठ हवा, म्हणून एकोणिसाव्या शतकात हा खडक फोडला. याच वाटेवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने भिंतीत शंख-मासे कोरलेत, तेही छान आहेत. पण मी थांबतो ते वाटेसाठी. इथे सायकलवर बसू नका, हातात धरून चाला. वाट चिंचोळी आहे, चालणारी माणसं पुष्कळ असतात आणि नदी अगदी पायाशी.

१८८६ मध्ये खोऱ्यातून काओर ते काप्देनाक रेल्वे आली आणि होड्यांचा धंदा बसला. १९८० मध्ये त्या रेल्वेची प्रवासी वाहतूकही बंद झाली. नदीवरचे लोखंडी पूल मात्र अजून उभे आहेत. खालून जाताना वाटतं, हे खोरं म्हणजे एकावर एक रचलेल्या लेगसी सिस्टीम. कुणीही जुनी काढून टाकली नाही, फक्त वापरणारे निघून गेले.

पुढे उंच कड्यावर सॅं-सिर्क-लापोपी. सुंदर गाव, यात वाद नाही. पण उन्हाळ्यात तिथे सायकल टेकवायला भिंत मिळत नाही, त्यामुळे मी पाणी भरतो आणि निघतो. आंद्रे ब्रेताँ, सर्रिअलिस्टांचा पुढारी, १९५० मध्ये इथे आला आणि गावाच्या प्रेमात पडून पुढल्या वर्षी घरच घेतलं. त्याची मला आवडणारी गोष्ट या गावातली नाही, जवळच्या पेश मेर्ल गुहेतली आहे. १९५२ मध्ये गुहा बघताना, हे चित्र खरंच आदिमानवाचं आहे की कालपरवाचं, अशी शंका येऊन त्याने चित्राला बोट लावून पाहिलं. रंग पुसला गेला! खटला झाला आणि दंडही. त्याच गुहेत ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे आहेत, साधारण २९ हजार वर्षांपूर्वीचे. ठिपके हे चित्रकाराच्या मनचे, असा अंदाज होता. मग २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या डीएनएवरून दिसलं की असे ठिपकेवाले घोडे तेव्हा खरोखरच होते. म्हणजे माणूस डोळ्यांनी पाहिलेलंच काढत होता. गुहा काब्रेरे गावाच्या वर आहे, तिकीट आधी काढून ठेवा. आणि हात खिशात.

काब्रेरेला मी मुक्काम करतो. इथून सेलेचं खोरं सुरू होतं. खालून डांबरी रस्ता जातो तोही वाईट नाही, गाड्या कमी. कड्यांमध्ये मधूनमधून भिंती चिणलेल्या दिसतात, त्या शंभर वर्षांच्या युद्धातल्या गढ्या. त्यांना सरसकट 'इंग्रजांचा किल्ला' म्हणतात. पण ग्रॅव्हलवाल्याने इथे खोरं सोडून वर जायला हवं.

चढ तीन-चार किलोमीटरचा, उंची दीड-दोनशे मीटर. फार नाही, पण सुट्टी खडी आहे. मागचं चाक घसरतं म्हणून खोगिरावरून उठायचं नाही, बसूनच रेटायचं. टायरमध्ये हवा कमी ठेवायची आणि ट्यूबलेस असेल तर बरं, इथल्या चुनखडीला धार असते. वर पोचलात की एकदम सगळं सपाट होतं. आवाज बंद होतो. खुरटे ओक, जुनिपरची झुडपं, आणि दोन गडग्यांच्या मधून जाणारी अडीच-तीन मीटर रुंद वाट.

हे गडगे समजून घेण्यासारखे आहेत. माती, चुना काही न वापरता नुसते दगडावर दगड. शोभेसाठी कुणी रचलेले नाहीत. शेतात नांगर घालायचा तर आधी दगड वेचायला हवेत, वेचलेले दगड टाकायचे कुठे, तर कडेला. पिढ्यान्‌पिढ्या टाकत गेले. त्यातून मेंढरं अडवायला कुंपण झालं, आणि दोन कुंपणांमध्ये जी जागा सोडली ती वाट झाली. मध्येच शंकूच्या छपराची दगडी खोपटी दिसते, मेंढपाळाला पावसात टेकायला. मेंढरं अजून आहेत, कमी झाली तरी. इथल्या जातीच्या मेंढीच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, गॉगल घातल्यासारखी. कळप थांबून तुमच्याकडे पाहायला लागला की इंटरव्ह्यू पॅनलसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.

वर पाणी नाही. पाऊस पडतो पण चुनखडी तो पिऊन टाकते आणि खाली नदीच्या काठाला झरा म्हणून सोडते. म्हणून जुन्या लोकांनी कातळात छोटी तळी खोदली, जनावरांसाठी. सायकलस्वाराने मात्र गावची स्मशानभूमी शोधावी. गंमत नाही, फ्रान्समध्ये दफनभूमीत फुलांसाठी बहुधा नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यायची, दोन क्षण शांत उभं राहायचं आणि पुढे जायचं.

एवढ्या वाटा, आणि माणसं कुठे गेली? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षवेली खाल्ल्या. मग पहिलं महायुद्ध, मग शहरं. या लॉत जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ मध्ये तीन लाखांच्या घरात होती, १९५४ मध्ये दीड लाखाच्या आत आली. तीन लाख माणसांच्या पायांसाठी झालेलं जाळं निम्म्या माणसांना उरलं, आणि ती गाडीने फिरायला लागली. आमच्या शनिवारच्या आनंदाचं भांडवल हे असं आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येतो.

सेलेच्या वरच्या अंगाला, दोन गावांच्या मध्ये (नावं मुद्दाम देत नाही) अशीच एक गडग्यांमधली वाट होती. सव्वा किलोमीटर. दोन्ही बाजूंनी ओक वर येऊन मिळालेले, जूनमध्ये सुद्धा आत गारवा. माझ्या रूटमधला तो माझा सगळ्यात आवडता तुकडा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो तर तोंडाशी खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. गावची नगरपालिका ही वाट विकायचा विचार करत आहे, सार्वजनिक चौकशी होईल, पंधरा दिवस वही उघडी राहील, ज्याला काही म्हणायचं आहे त्याने येऊन लिहावं.

वाट विकायची? घरी येऊन वाचत बसलो. फ्रान्समध्ये अशा वाटेला 'शमँ रुराल' म्हणतात. ती गावाच्या मालकीची असते, पण पक्क्या सार्वजनिक रस्त्यासारखी नाही. १९५९ मध्ये गावच्या रस्त्यांची वर्गवारी झाली. जे रस्ते महत्त्वाचे ठरले ते विकता येत नाहीत. उरलेल्या वाटा गावाची खाजगी मालमत्ता समजल्या जातात, म्हणजे गावाच्या मालकीचं एखादं शेत असावं तशा. लोक वापरत असतील तोवर वाट राहते. वापर थांबला तर गाव ती विकू शकतं. आणि शेजाऱ्याने ती तीस वर्षं बिनबोभाट आपल्या कुंपणात ठेवली, तर त्याला कोर्टात मालकीही सांगता येते. २०२२ च्या कायद्याने याला थोडा लगाम घातला. गावाने आपल्या वाटांची मोजदाद करायचं ठरवलं की तो काळ थांबतो.

आपल्याकडे याला शब्द आहे. वहिवाट. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही विचारा, पाणंद कुठून जाते आणि कुणी बांध सरकवून ती अर्धी केली हे तो झोपेत सांगेल. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आजही तहसीलदाराला अशी अडवलेली वाट मोकळी करायचा अधिकार देतो, मात्र तक्रार सहा महिन्यांत करावी लागते. माझे काका अशा एका दाव्यासाठी तालुक्याला इतक्या वेळा गेले की कँटीनवाला त्यांना चहा उधार द्यायचा. त्यामुळे फ्रेंच कायद्यातलं एक कलम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. त्यात म्हटलंय: वाट लोकांच्या वापरात आहे असं मानायला, लोक तिच्यावरून जातात हे पुरावा म्हणून चालतं.

पुरावा? माझ्याकडे तीन वर्षांच्या जीपीएस फाइली होत्या. तारीख, वेळ, प्रत्येक सेकंदाचा बिंदू.

ती नगरपालिका म्हणजे दोन खोल्या, आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस उघडी. मी एक दिवस रजा टाकून गेलो. टेबलावर वही, शेजारी चौकशी अधिकारी बाई, नकाशा पसरलेला. माझ्या आधी सात जणांनी लिहिलं होतं. वाचायला बंदी नसते. एकाने लिहिलं होतं, माझ्या आजोबांनी हा गडगा रचला. एका बाईंनी, आम्ही दर ऑक्टोबरला इथून मश्रूम शोधायला जातो. एकाने फक्त "लाज वाटू द्या" एवढंच, सहीसकट. मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये अर्धं पान लिहिलं आणि अकरा फेऱ्यांची यादी नकाशासह जोडली. बाईंनी ती चष्मा वर करून पाहिली. म्हणाल्या, "तुम्ही इथे राहत नाही." म्हटलं, नाही. "हरकत नाही," त्या म्हणाल्या, "वाट कुणाची हे विचारलेलं नाही, कोण जातं हे विचारलंय."

बाहेर एक आजोबा बाकावर बसले होते, वहीत लिहून आलेले. त्यांच्याकडून दुसरी बाजू कळली. वाट विकत मागणारे म्हणजे कुणी पॅरिसचे धनिक नव्हते. तिशीतलं एक जोडपं, शहर सोडून इथे मेंढ्या पाळायला आलेलं. वाट त्यांच्या कुरणाच्या बरोबर मधून जाते. दोन्ही बाजूंना फाटकं आहेत आणि जाणारे-येणारे ती उघडी टाकतात. आदल्या वर्षी पंधरा मेंढ्या डांबरी रस्त्यावर गेल्या, दोन गाडीखाली आल्या. "फाटक कोण उघडं टाकतं?" मी विचारलं. आजोबांनी माझ्या सायकलकडे पाहिलं. मग सभ्यपणे म्हणाले, "चालणारेही टाकतात."

"तुम्ही वहीत काय लिहिलंत?"

"वाट राहू द्या असं. पण ती पोरंही राहायला हवीत. शाळेत नऊ मुलं आहेत, त्यातली दोन त्यांची."

तुलूझला परतताना गाडीत मी बराच वेळ हिशोब करत बसलो. माझ्या बाजूने कायदा होता, डेटा होता, सौंदर्यदृष्टी वगैरे होती. त्यांच्या बाजूने मेलेल्या दोन मेंढ्या आणि शाळेतली दोन मुलं. वीकएंडला येऊन सोमवारी निघून जाणाऱ्या माणसाचं मत किती मोजावं? माझं उत्तर असं: मोजावं, पण त्यांच्याइतकं नाही. आणि तरी मी लिहिलेलं अर्धं पान परत घ्यावंसं वाटलं नाही. ती वाट त्या जोडप्याच्या आधीची आहे, माझ्या तर फारच आधीची. विकली की गेली. गावाला पुन्हा विकत घेणं कधी परवडणार?

चौकशीचा अहवाल विक्रीच्या विरोधात गेला. कारण साधं होतं, वाट वापरात आहे. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२२ च्याच कायद्याने आणखी एक सोय केली आहे, अदलाबदल. शेतकऱ्याने वाटेची जागा घ्यायची आणि बदल्यात आपल्या जमिनीतून दुसरी वाट द्यायची. नव्या वाटेची रुंदी जुनीइतकीच हवी, ती कुठे तुटता कामा नये, आणि झाडझाडोऱ्याच्या दृष्टीने जुनीच्या तोडीची हवी. पुन्हा वही, या वेळी महिनाभर. आजोबांनी होकार लिहिला म्हणे. मीही होकार लिहिला, फक्त एक जोडलं: फाटक आपोआप बंद होणारं बसवा, खर्च फार नसतो. (हे कुणी वाचलं की आधीच ठरलं होतं, कोण जाणे. पण फाटक तसंच बसलंय.)

तोडीची वाट हे कागदावर लिहायला सोपं. गडगा सव्वा किलोमीटर नवा कोण रचणार? आणि ओक वर येऊन मिळायला निदान साठ वर्षं. कायदा म्हणतो तोडीची, जमीन म्हणते बघू.

मागच्या ऑक्टोबरात नव्या वाटेवरून गेलो. कुरणाला वळसा घालून, रानाच्या कडेने, काटकोनात दोन वळणं. अंतर चारशे मीटरने वाढलं. पांढरी स्वच्छ खडी, उघडं आभाळ, कडेला हॉथॉर्न आणि जंगली प्लमची हातभर उंचीची रोपं, प्रत्येकाला प्लास्टिकची नळी घातलेली. एके ठिकाणी पावसाचं पाणी साठू नये म्हणून खाली मोठे दगड भरलेत. त्यांच्या एका बाजूला शेवाळाचे करडे-पिवळे डाग होते. म्हणजे हे दगड ताजे फोडलेले नव्हते, कुठल्यातरी गडग्याचे होते. जुनी वाट कुंपणापलीकडे अजून दिसते. तिच्यात मेंढ्या बसल्या होत्या, सावलीला, गॉगल लावून.

ओपनस्ट्रीटमॅपवर नवी रेघ मीच काढली, ग्रेड दोन. जुनीचा ट्रॅक पुसला नाही, कारण जमिनीवर ती आहे. फक्त प्रवेश 'खाजगी' केला. आणि ते नुसतं नकाशापुरतं नाही. २०२३ पासून पाटी लावलेल्या खाजगी रानात-शेतात घुसलं तर १३५ युरो दंड होऊ शकतो.

तिथून पुढे उतार लागतो तो एस्पान्याकचा, सेलेकाठचं जुनं मठाचं गाव, लाकडी मनोऱ्याचं चर्च. मग फिजाकपर्यंत नदीकाठाने निवांत. फिजाक हे शाँपोलियाँचं गाव, इजिप्तची चित्रलिपी वाचणाऱ्याचं. तिथल्या एका चौकात रोझेटा शिलालेखाची भलीमोठी प्रतिकृती जमिनीवर अंथरली आहे, तिच्यावर चालता येतं. रविवारी पोचणार असाल तर बेकरी दुपारच्या आत गाठा, नंतर कुणी पाव देत नाही.

जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये वर सावली कमी आणि पाणी नाही. माझी जुनी जीपीएक्स फाइल कुणाकडे असेल तर ती टाकून द्या. कुरणाच्या कोपऱ्यावर पिवळी खूण दिसेल, तिथे डावीकडे वळायचं. खडी अजून नीट बसलेली नाही, पुढचं चाक जपा. आणि फाटक आपोआप बंद होतं, तरी एकदा मागे वळून बघा.